उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

किल्ली काढली, दारं लॉक केली, तरी गाडीतलं सगळं बंद होत नाही. घड्याळ, अलार्म, रिमोटच्या सिग्नलसाठी जागं असलेलं सेंट्रल लॉकिंग बॅटरीवरच चालतं. हा खर्च 50 मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. 35 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. स्टार्टर तर त्याच्या बराच आधी नुसता ‘कटकट’ वाजू लागतो. उन्हाळ्यात बॅटरी आपसूकही लवकर उतरते.

खरं नुकसान पुढेच आहे. उतरलेली बॅटरी तशीच राहिली, की शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग ती चार्जिंग धरत नाही. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून भागत नाही. आठवड्यातून अर्धा तास तरी गाडी रस्त्यावर काढाच. महिनाभर गावी जाणार असाल, तर मेकॅनिककडून निगेटिव्ह केबल सोडवून ठेवा.