सिम्युलेटरमध्ये लिनक्स बूट व्हायची वाट किती वेळा पाहायची?

कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये संशोधन करायचं ठरवलंत, तर कधी ना कधी जेम-फाइव्ह या सिम्युलेटरशी गाठ पडणारच. एम-फाइव्ह आणि जेम्स हे दोन सिम्युलेटर एकत्र करून तो तयार झाला. त्यावरचा पेपर २०११ चा. त्याच्या फुल-सिस्टिम मोडमध्ये खरंखुरं लिनक्स चालतं. म्हणजे आपला प्रोग्रॅम सुरू होण्याआधी लिनक्स बूट व्हायला हवं. अडचण इथेच आहे.

साधा हिशेब करू. समजा, बूटला २ अब्ज इन्स्ट्रक्शन्स लागल्या आणि ओ-थ्री हे तपशीलवार सीपीयू मॉडेल सेकंदाला २ लाख इन्स्ट्रक्शन्स चालवतंय. झाले १०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. असे दहा प्रयोग केले, तर दिवसाहून जास्त वेळ नुसता बूटमध्ये गेला!

पण बूट हा आपला प्रयोग नाहीच. मग तो इतक्या बारकाईने कशाला चालवायचा?

पहिला उपाय: बूटपुरता केव्हीएम सीपीयू वापरा. यात इन्स्ट्रक्शन्स थेट आपल्या मशीनच्या प्रोसेसरवर चालतात, त्यामुळे बूट फार लवकर उरकतं. अट एकच, दोन्हीकडे आर्किटेक्चर सारखं हवं. एक्स-८६ मशीनवर रिस्क-फाइव्हचं लिनक्स असं चालणार नाही. तिथे साधं अॅटॉमिक मॉडेल घ्या.

दुसरा: बूट झाल्यावर चेकपॉइंट घ्या. पुढचा प्रत्येक प्रयोग तिथूनच सुरू करायचा आणि मोजमापासाठी ओ-थ्री वापरायचं. कोअरची संख्या, मेमरीचा आकार आणि डिस्क इमेज मात्र तीच ठेवा.

तिसरा: डिस्क इमेजमधल्या नको असलेल्या सर्व्हिसेस बंद करा.

आता खरी मेख. चेकपॉइंटमध्ये कॅश मेमरीतला डेटा साठवला जात नाही. मी सुरुवातीला चेकपॉइंटवरून उठून लगेच मोजायला लागलो. मिसेस भरमसाट दिसले आणि मला वाटलं, माझं डिझाइनच वाईट! प्रत्यक्षात कॅश रिकामी होती. म्हणून आधी काही कोटी इन्स्ट्रक्शन्स वॉर्म-अपसाठी चालू द्या, आकडेवारी रीसेट करा आणि मगच मोजा. वॉर्म-अप किती, हे कॅशच्या आकारावर आणि प्रोग्रॅमवर ठरतं. तो दुप्पट करूनही निकाल हलला नाही, तर पुरेसा समजा.

बूटमधला वेळ बिनधास्त वाचवा, वॉर्म-अपमधला नको.