नागरिकशास्त्राचा पहिला पाठ : पटनोंदणी

नागरिकशास्त्र हा विषय पुष्कळ शाळांतून केवळ पाठांतराचा होऊन बसला आहे. सरपंचाची कर्तव्ये कोणती, हे विद्यार्थी घडाघडा सांगतात; परंतु शासनाचा कायदा आपल्या जीवनाला कोठे स्पर्श करतो असे विचारल्यास ते स्तब्ध होतात. वास्तविक उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोरच असते. ज्या शाळेत ती मुले बसलेली असतात, ती शाळाच एका दीर्घ लोकप्रयत्नाचे व एका कायद्याचे दृश्य रूप होय.

हा इतिहास शिक्षकाने वर्गात अवश्य सांगावा. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवून, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये याच हेतूने मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये हे कार्य हाती घेतले. पुढे संविधानाच्या ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करावा असे सांगितले; पण ती मुदत टळून गेली. अखेर २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, व २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या मागणीपासून या दिवसापर्यंत १२८ वर्षे लोटली.

या कायद्याचा अर्थ शिक्षकाने नीट ध्यानी घ्यावा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घेणे हा आता उपकार नव्हे. तो त्याचा हक्क आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पूर्वीच्या शाळेचा दाखला मिळण्यास विलंब झाला, तरी नव्या शाळेतील प्रवेश अडत नाही. प्रवेशाची मुदत संपल्यावर आलेल्या मुलासही परत पाठविता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलास त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात बसवून, इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते.

ही कलमे कोणासाठी आहेत, हे ग्रामीण शिक्षकास सांगावयास नको. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कोयत्यामागे निघालेले मूल वर्षाच्या मध्यावर परगावी येते. त्याच्याजवळ बहुधा कागद नसतो. त्याच्यासाठी बोलणारे कोणी नसते. संसदेने केलेला कायदा त्या मुलापर्यंत पोहोचतो की नाही, हे शाळेच्या दारात उभ्या असलेल्या शिक्षकावर अवलंबून असते. त्याने ‘दाखला आणा, मग पाहू’ असे म्हटले, तर एवढ्या वर्षांचे प्रयत्न त्या उंबरठ्यावर संपतात. त्याने दाखलखारीज रजिस्टरात नाव लिहिले, तर राज्याने आपला शब्द पाळला असे होते.

शाळा व्यवस्थापन समितीही अशीच नागरिकत्वाची शाळा होय. तिचे निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, असा कायद्याचा दंडक आहे. परंतु सभेचे इतिवृत्त घरोघर फिरवून केवळ सह्या व अंगठे घेतले, तर समिती कागदावरच राहते. मजुरीला जाणाऱ्या मातांना सोयीची वेळ ठेवावी, विषय सोप्या भाषेत वाचून दाखवावेत आणि शाळा विकास आराखडा त्यांच्या विचाराने तयार करावा.

वरच्या वर्गांतील मुलांना या गोष्टींत यथाशक्ति सहभागी करावे. गावात व तांड्यावर शाळेबाहेर राहिलेली मुले कोणती, याची यादी त्यांनी शिक्षकांसमवेत करावी; वर्गप्रमुखाची निवड गुप्त मतदानाने व्हावी; शाळेतील पाण्याच्या वा स्वच्छतागृहाच्या अडचणीविषयी ग्रामपंचायतीस अर्ज कसा लिहावा, हे त्यांनी शिकावे. नव्याने दाखल झालेल्या मुलाशेजारी बसून त्याला पाटीवर नाव गिरवावयास मदत करणारा विद्यार्थी मूलभूत हक्काचा अर्थ व्याख्येवाचून समजून घेतो. परीक्षेतील उत्तर तो पुढे विसरेलही. हा पाठ विसरणार नाही.