लॅपटॉप : अंतरंग आणि उपयोग

सायकलचे चाक पंक्चर झाले म्हणून कोणी सायकल भंगारात टाकीत नाही. घड्याळ मागे पडू लागले, तर आपण ते घड्याळजीकडे नेतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण सहसा दाखवीत नाही. तो मंद चालू लागला, तापू लागला अथवा तासाभरातच बंद पडू लागला, म्हणजे 'जुना झाला' असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. ह्या निवाड्याच्या मुळाशी यंत्राचा दोष थोडा आणि आपला अपरिचय फार, असे बहुधा आढळते.

हा अपरिचय महाग पडतो. तामिळनाडूत २०११ पासून आणि उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये शासनाने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, तेव्हा असंख्य घरांत संगणकाने प्रथमच पाऊल टाकले. पुढे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण यंत्राच्या पडद्यावर आले. ज्या कुटुंबाने पै-पै साठवून असे यंत्र घेतलेले असते, त्याला ते बंद पडताच दुसरे घेणे परवडत नाही. म्हणून लॅपटॉपच्या अंतरंगाची ओळख ही केवळ तंत्रज्ञांनी करून घ्यावयाची गोष्ट नव्हे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. बाहेरून लॅपटॉप एकसंध दिसत असला, तरी तो एका छपराखाली नांदणाऱ्या एकत्र कुटुंबासारखा आहे. त्यातील काही घटक दोन-चार वर्षांत थकतात, तर काही दहा वर्षांनंतरही कामाचे असतात. कोणता घटक थकला आहे हे ओळखता आले, म्हणजे एकासाठी सर्वांना घराबाहेर काढण्याची पाळी येत नाही.

पेटीपासून मांडीपर्यंत

बरोबर नेता येईल असा संगणक प्रथम बाजारात यशस्वी झाला तो १९८१ मध्ये, अमेरिकेत. ऑस्बोर्न-१ हे त्याचे नाव. त्याचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम होते, पडदा जेमतेम ५ इंचांचा होता आणि त्यात बॅटरी नव्हती. तो उचलून नेता येई. परंतु मांडीवर ठेवता येत नसे. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, ग्रिड कंपास हा संगणक आला. बिल मॉग्रिज ह्या अभिकल्पकाने त्याचा पडदा बिजागरीवर बसवून कळफलकावर मिटता येईल अशी योजना केली. आज आपण जो लॅपटॉप पुस्तकाप्रमाणे उघडतो आणि मिटतो, त्याचे मूळ ह्या योजनेत आहे.

लॅपटॉप खऱ्या अर्थाने विजेच्या तारेपासून मुक्त झाला तो मात्र चांगल्या बॅटरीमुळे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी ह्या जपानी कंपनीने बाजारात आणली. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविण्याचा हा मार्ग ज्यांनी घडविला, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पडदा, बिजागरी आणि कळफलक

लॅपटॉपच्या बहुसंख्य पडद्यांतील द्रव-स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. पडद्यामागे बारीक दिव्यांची पट्टी असते आणि तिचा प्रकाश कोठे जाऊ द्यावयाचा, कोठे अडवावयाचा एवढेच काम हे स्फटिक करतात. ही माहिती दोष ओळखण्याच्या कामी येते. पडदा काळा झाला, परंतु त्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकल्यावर पुसट चित्र दिसते आहे, तर चित्र तयार होत आहे आणि बिघाड प्रकाशव्यवस्थेत आहे. झाकण हलविताच चित्र थरथरत असेल, तर बिजागरीतून पडद्याकडे जाणाऱ्या तारेवर संशय घ्यावा. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याच्या सवयीने बिजागरीवर विषम ताण पडतो. म्हणून ते नेहमी मध्यभागी धरून उघडावे. कळफलकावर राहून गेलेले पेन झाकण मिटताना पडदा फोडते, हेही विसरू नये.

कळफलकाच्या थेट खाली मुख्य मंडलपट असतो. त्यामुळे कळांवर सांडलेला चहा काही क्षणांतच यंत्राच्या मर्मस्थानी पोहोचू शकतो. असे घडल्यास प्रथम विजेचा पुरवठा तोडावा. चालू-बंदची कळ दाबून धरून यंत्र बंद करावे आणि ते उघड्या अवस्थेत पालथे धरून द्रव निथळू द्यावा. 'चालते का पाहू' म्हणून ते पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. पाण्याने होणारी हानी बहुतांशी वीज चालू असल्यामुळे होते. चहातील साखर तर वाळल्यावरही चिकटून राहते. म्हणून यंत्र उघडून स्वच्छ करवून घेणे आवश्यक ठरते.

वाचक, मेज आणि कपाटे

आता यंत्राच्या आत डोकावू. तेथील तीन प्रमुख घटकांचे कार्य समजण्यासाठी ग्रंथालयाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. प्रोसेसर हा वाचक होय. विचार आणि हिशेब तो करतो. रॅम हे त्याच्यापुढील मेज. ज्या पुस्तकांचे काम चालू आहे, ती तेथे उघडून ठेवलेली असतात. ग्रंथालय बंद होताच मेज रिकामे केले जाते; त्याचप्रमाणे यंत्र बंद होताच रॅममधील सर्व काही पुसले जाते. कायमचा साठा असतो तो कपाटांत, म्हणजे हार्ड डिस्क अथवा एसएसडी ह्या साधनात.

मेज लहान असेल, तर वाचक कितीही बुद्धिमान असला तरी त्याला वारंवार उठून एक पुस्तक कपाटात ठेवावे आणि दुसरे आणावे लागते. अनेक कामे एकाच वेळी उघडली असता लॅपटॉप मंदावतो, त्याचे हे कारण. आणि कपाट उघडण्यासच वेळ लागत असेल, तर हा खोळंबा अधिकच वाढतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० वेळा फिरतात. हवी ती माहिती वाचण्यासाठी एका सूक्ष्म भुजेला योग्य जागी सरकावे लागते आणि तबकडीची ती जागा खाली येईपर्यंत थांबावे लागते. एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नसतो. माहिती शोधण्यास लागणारा वेळ तीत सुमारे शंभरपट कमी असतो.

ह्यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. सात-आठ वर्षांपूर्वीचा, हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप रेंगाळत असेल, तर त्यातील वाचक म्हातारा झाला आहे असे समजण्याचे कारण नाही. कपाट बदलावे, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, आणि जमल्यास मेज थोडे मोठे करावे. नव्या यंत्राच्या किमतीच्या एका लहान अंशात जुने यंत्र पुन्हा उमेदीने कामाला लागते. मात्र अलीकडील अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मंडलपटावरच डाखलेली असते आणि ती पुढे वाढविता येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी 'रॅम आणि साठा नंतर बदलता येईल काय?' हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा. प्रोसेसरच्या वेगाचे आकडे ऐकण्यापेक्षा ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे अधिक उपयोगी पडते.

उष्णतेशी झुंज

प्रोसेसर जी वीज घेतो, तिचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता बाहेर टाकण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी, बंद नळी टेकलेली असते. तिच्यात किंचित द्रव असतो. तप्त टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाकडे जाऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून ते मूळ जागी परतते. थंड टोकाशी धातूची पातळ पाती असतात आणि पंखा त्यांतून हवा खेळवितो.

पात्यांमध्ये धूळ बसली, म्हणजे हा मार्ग कोंडतो. अंथरुणावर अथवा उशीवर लॅपटॉप ठेवला, तर खालच्या बाजूची हवेची छिद्रे बुजतात. उत्तर भारतात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तेव्हा आत येणारी हवाच तापलेली असल्याने तिच्याकडून फारशी उष्णता वाहून नेली जात नाही. आतील तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचू लागले, म्हणजे प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून सकाळी चपळ असणारा आणि दुपारी रखडणारा लॅपटॉप जुना झाला आहे असे नव्हे. त्याचा श्वास कोंडला आहे. तो टणक, सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि वर्षातून एकदा, यंत्र बंद असताना, पंखा व पाती स्वच्छ करवून घ्यावीत. एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.

बॅटरी आणि अडॅप्टर

कुटुंबातील सर्वांत लवकर थकणारा घटक म्हणजे बॅटरी. तिची क्षमता वॅट-तासांत मोजतात. ५० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाला १० वॅट लागत असतील, तर ती पाच तास चालेल. २५ वॅट लागणाऱ्या कामाला तीच बॅटरी दोन तास पुरेल. सुमारे ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून पूर्ण वापरल्यावर तिची क्षमता सामान्यतः मूळच्या ८० टक्क्यांवर येते. ही झीज अटळ असली, तरी तिचा वेग आपल्या हाती आहे. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था ह्या दोन गोष्टी बॅटरीचे आयुष्य कमी करतात. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर तारेला जोडलेला असतो, त्यांनी ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय यंत्रात असल्यास तिचा उपयोग करावा.

बॅटरी फुगली तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये. स्पर्शफलक वर उचलला जाणे अथवा तळ सपाट न बसणे ही तिची लक्षणे होत. असे यंत्र वापरणे व भरणे त्वरित थांबवावे. बॅटरी दाबू नये, टोचू नये, कारण तिला आग लागण्याचा धोका असतो. ती जाणकाराकडून काढून घ्यावी.

अडॅप्टर घरातील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिचे साधारणतः १९ किंवा २० व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. नेहमीच्या गोल पिनेचा अडॅप्टर बदलावा लागल्यास पट्टीवरील व्होल्टचा आकडा मूळच्याइतकाच असावा. अँपिअरचा आकडा मूळच्याइतका किंवा अधिक असावा. कमी असता कामा नये. पिनेचा आकार व ध्रुवांची मांडणीही तीच हवी. धातूच्या आवरणाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटण्याचा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना येतो. तीन पिनांच्या अडॅप्टरच्या बाबतीत भिंतीतील जोडणीला अर्थिंग नसणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. तेव्हा लॅपटॉपआधी वायरमनला दाखविणे इष्ट.

पुन्हा विकत न मिळणारी वस्तू

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरुचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट ह्या बाजारांत लॅपटॉपचे बहुतेक भाग मिळतात आणि ते बसविणारे कुशल कारागीरही भेटतात. परंतु एक वस्तू कोणत्याही बाजारात मिळत नाही. ती म्हणजे आपण साठविलेली माहिती : मुलीचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, वडिलांची अखेरची छायाचित्रे, दुकानाचे दहा वर्षांचे हिशेब. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा टकटक आवाज करते. एसएसडी बहुधा काहीच सूचना न देता मुकी होते. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत यंत्राबाहेर, वेगळ्या साधनावर असावी आणि शक्य तर आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी तर हे केलेच पाहिजे.

अखेर एक दिवस असा येतो, की दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या उपयोगापेक्षा अधिक होतो. त्या वेळी साठ्यातील खाजगी माहिती पुसून यंत्र अधिकृत संकलकाकडे द्यावे. घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

तो दिवस मात्र आपल्या अपरिचयामुळे लवकर येऊ नये. लॅपटॉप मंदावला, तर मेज आणि कपाट पाहावे. तापला, तर धूळ पाहावी. लवकर बंद पडू लागला, तर बॅटरी पाहावी. एवढा तपास करण्यास पेचकस हाती घेण्याचीही गरज नाही. त्यानंतर कारागिराकडे जाणारा मनुष्य 'हे बिघडले आहे' एवढेच सांगत नाही. काय बिघडले असावे हेही सांगू शकतो आणि कोणता भाग बदलावयाचा, कोणता नाही, ह्याविषयी दोन प्रश्न विचारू शकतो.