संगणक चालतोय, पण सुरक्षित आहे का?

सोलापुरात आपल्या अनेक घरांत एक जुना संगणक असतो. मोठ्या भावाच्या कॉलेजसाठी घेतलेला, आता धाकटी त्यावर स्कॉलरशिपचा फॉर्म भरते, अब्बा बँकेचं खातं बघतात आणि हजचा अर्जही त्यावरच भरला जातो. परवा पालकसभेनंतर एका पालकांनी आम्हाला विचारलं, "सर, व्यवस्थित चालतोय ना, मग विंडोज कशाला बदलायचं?"

प्रश्न रास्त आहे. खर्चाचा विचार सगळ्यांनाच करावा लागतो. पण चालणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं.

विंडोजसारख्या प्रणालीत अधूनमधून चुका सापडतात. त्या चुकांतूनच चोर आत शिरतात. कंपनी अपडेट पाठवून त्या बुजवते. सपोर्ट संपला की हे काम थांबतं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ऑफिस 2016 आणि 2019 चाही त्याच दिवशी संपला. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, म्हणून धोका लक्षात येत नाही.

2017 साली काय झालं ते आठवा. विंडोजमधली एक मोठी चूक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, ते 12 मे रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'च्या तावडीत सापडले. फायली कुलूपबंद झाल्या आणि खंडणी मागितली गेली. एक्सपीसाठी तर ते अपडेट हल्ल्यानंतरच सर्वांना खुलं झालं. जूनअखेरीस 'नॉटपेट्या' आला. तो हीच चूक आणि इतर वाटा वापरत होता. त्याने आपल्याच राज्यातल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेचे हे हाल, तर आपल्या घरात आधार, पासपोर्टच्या प्रती आणि लग्नाचे फोटो एकाच संगणकात असतात. ते गेले तर परत कोण देणार?

मग काय करायचं?

1. आधी सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे जाऊन आपलं विंडोज कोणतं ते पाहा.

2. काहीही बदलण्याआधी कागदपत्रं आणि फोटो पेनड्राइव्ह किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी झाली की ती काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही धरतो.

3. संगणक चालण्याजोगा असेल तर विंडोज 11 घ्या. साधारण 2018 नंतरच्या बऱ्याच संगणकांवर ते बसतं. 'अपडेट'च्या पानावर तपासणीची सोय आहे.

4. बसत नसेल तर विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना आहे, पण तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. ही कायमची सोय नाही, फक्त मुदत आहे.

5. नवीन संगणक परवडत नसेल तर लिनक्स मिंट मोफत आहे. इंटरनेट, फॉर्म, मराठी आणि उर्दू टायपिंग सगळं होतं. मात्र इनपेज विंडोजसाठी बनलेलं आहे. त्यात उर्दू पत्रकं करणाऱ्यांनी आधी विचार करावा.

6. दुकानात 'क्रॅक' करून दिलेलं विंडोज नको. त्याच्या आत आणखी काय दडलंय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हे जमेपर्यंत जुन्या संगणकावर बँकेचा व्यवहार करू नका. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. तातडीने 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

त्या पालकांना आम्ही एवढंच सांगितलं: घराचं कुलूप बिघडलं तर दार उघडंझाकं होतं म्हणून आपण तसंच ठेवतो का? या रविवारी मुलांना सोबत घेऊन बसा आणि आपला संगणक एकदा तपासा. बऱ्याचदा मुलंच आपल्याला शिकवतील.