साऱ्या जगाचे हजार मतदारसंघ

८ ऑगस्ट १९४२. मुंबईचे गवालिया टँक मैदान. काँग्रेस महासमितीने त्या रात्री मंजूर केलेला ठराव आपल्याला ‘चले जाव’ या दोन शब्दांत पाठ आहे. ठरावाचा पुढचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. स्वतंत्र राष्ट्रांचे एक जागतिक संघराज्य व्हावे, त्याशिवाय जगात शांतता टिकायची नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. देश पारतंत्र्यात होता, नेते दुसऱ्या दिवशी पहाटे अटकेत जाणार होते. तरीही ही माणसे साऱ्या जगाच्या कारभाराचा विचार करत होती. पुढे विनोबांनी ‘जय जगत्’ म्हटले तेही त्याच वाटेवर.

समुद्र तापतो, साथ पसरते, तेव्हा सीमेवरचा पहारा उपयोगी पडत नाही. म्हणून तो ठराव आजही जुना झालेला नाही. पण जागतिक संघराज्य म्हटले की संसद आली, आणि संसद म्हटली की मतदारसंघ आले. ते पाडायचे कसे?

देश समान, माणूस असमान

आज जगाची म्हणावी अशी एकच सभा आहे : संयुक्त राष्ट्रांची आमसभा. १९३ सदस्य देश, प्रत्येकाला एक मत. प्रशांत महासागरातल्या तुवालूची वस्ती दहा-अकरा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. भारत १४५ कोटींचा. आमसभेत दोघांचे वजन सारखेच. देश म्हणून ही बरोबरी योग्य वाटते. पण माणशी हिशेब केला, तर तुवालूच्या एका रहिवाशाच्या मताचे वजन एका भारतीयापेक्षा लाखाहून अधिक पट भरते. शिवाय हे मत सरकारचे असते. तुवालूच्या कोळ्यालाही ते देता येत नाही आणि बीडच्या ऊसतोड कामगारालाही नाही.

आता दुसरा हिशेब मांडून पाहू. जगाची लोकसंख्या सुमारे ८२० कोटी. संसदेत हजार जागा धरल्या, तर एक मतदारसंघ ८२ लाखांचा होतो, म्हणजे लोकसभेचे साधारण तीन मतदारसंघ एकत्र केल्यासारखा. भारताच्या वाट्याला सुमारे १७५ जागा येतील, चीनच्या वाट्याला १७०च्या आसपास, अमेरिकेच्या वाट्याला चाळीसेक. महाराष्ट्राला पंधरा-सोळा.

अलिबाग ते भटकळ

हा आकडा जमिनीवर कसा दिसेल? रायगड जिल्हा २६ लाखांचा, रत्नागिरी १६ लाखांचा, सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा. त्यात गोव्याचे साडेचौदा लाख मिळवा आणि कारवारचा उत्तर कन्नड जिल्हा, तो १४ लाखांचा. २०११च्या जनगणनेचे हे आकडे धरले, तर बेरीज ८० लाखांच्या घरात जाते. अलिबागपासून भटकळपर्यंतची सगळी किनारपट्टी म्हणजे जगाच्या संसदेतला एक खासदार.

कारवारचे नाव काढताच मराठी वाचकाला सीमाप्रश्न आठवेल. तीन राज्ये; मराठी, कोकणी, कन्नड अशा तीन भाषा आणि जुना सल. पण मतदारसंघाची रेघ राज्याची हद्द हलवत नाही. कारवार कुणाचे, हा वाद जिथे आहे तिथेच राहील. मालवणचा रापणकार मात्र वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडतो आहे, की परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आपल्या वाटणीचे मासे ओढून नेतात. मासळीला राज्याची हद्द कळत नाही. त्या समुद्रावर जगणाऱ्या सगळ्यांना मिळून एकाच माणसाला जाब विचारता येईल, एवढे काम ही रेघ करते.

एक रेघ, दोन टोके

सगळीकडे असे सोपे जमणार नाही. न्यूझीलंडची लोकसंख्या ५२-५३ लाख. त्यात फिजी, सॉलोमन बेटे, वानुआतू, सामोआ, टोंगा, किरिबाती, मायक्रोनेशिया, मार्शल बेटे, पलाऊ, नाउरू आणि तुवालू हे सगळे देश मिळवले, की कुठे एक मतदारसंघ भरतो. आज आमसभेत या मंडळींची बारा मते आहेत. नव्या संसदेत एक जागा. न्यूझीलंडशी संलग्न कुक बेटेही त्यात घेतली, तर मतदारसंघाच्या मधूनच आंतरराष्ट्रीय वाररेषा जाईल. ऑकलंडला रविवारी मतदान सुरू होईल तेव्हा कुक बेटांवर शनिवार असेल.

दुसरे टोक रशियाच्या अतिपूर्व भागात. बैकल सरोवरापलीकडून व्लादिवोस्तोक आणि कामचात्कापर्यंत पसरलेल्या या प्रदेशात ऐंशी लाखांच्या आसपास लोक राहतात, आणि क्षेत्रफळ भारताच्या दुप्पट. याउलट आपला मुंबई उपनगर जिल्हा साडेचारशे चौरस किलोमीटरचा, आणि २०११ मध्येच तिथे ९३ लाख लोक होते. लोकलने तासाभरात ओलांडता येणारी ही जागा एका मतदारसंघात मावत नाही.

मग क्षेत्रफळालाही थोडे वजन द्यावे का? हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात ओल्ड सॅरमच्या उजाड टेकडीवरून जेमतेम सात मतदार दोन खासदार पाठवत, तेव्हा गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा एकही खासदार नव्हता. १८३२च्या सुधारणा कायद्याने हे थांबवले. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तत्त्व ठरवून दिले, की प्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नसतात. मला हेच तत्त्व जगासाठीही योग्य वाटते.

मोठ्यांची भीती, छोट्यांची भीती

यावरचा मोठा आक्षेप उघड आहे. भारत आणि चीन मिळून एक तृतीयांशाहून अधिक जागा घेतील. बाकीचे देश हे का मान्य करतील? युरोपीय संसदेने यावर तडजोड काढली. तिथे माल्टाला ६ जागा आणि जर्मनीला ९६. त्यामुळे माल्टाचा खासदार सुमारे ९० हजार लोकांचा, तर जर्मनीचा पावणेनऊ लाखांचा. दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह संपादित करणारे अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी आमसभेसाठी वेगळे सूत्र सुचवले. देशाचा लोकसंख्येतला वाटा, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतला वाटा आणि सदस्य म्हणून सर्वांना सारखा वाटा, या तिन्हींची सरासरी.

पण युरोपीय संसदेकडून घेण्यासारखी खरी गोष्ट आसनव्यवस्थेची आहे. तिथले खासदार देशानुसार बसत नाहीत, विचारांच्या गटानुसार बसतात. स्वतंत्र मतदारसंघांतून निवडून आलेले १७५ भारतीय एकगठ्ठा मत देतील, असे समजायला आपल्याकडे आधार नाही. महाराष्ट्राचे ४८ खासदार तरी कुठे एका बाजूने मत देतात? छोट्या देशांसाठी सिनेटसारखे, देशागणिक समान जागांचे दुसरे सभागृह ठेवता येईल. लोकांच्या सभागृहात मात्र माणूस हेच माप असावे.

आधी मोजणी, मग रेघ

हे माप दर दहा वर्षांनी पुन्हा लावावे लागेल, आणि इथे भारताचा अनुभव बोलका आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१च्या जनगणनेवर गोठवले. २००१च्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कुटुंब मर्यादित ठेवणाऱ्या केरळ-तमिळनाडूला शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण गोठवलेला प्रश्न वर्षागणिक जड होत गेला. जगात आफ्रिकेची लोकसंख्या वाढते आहे, जपानची घटते आहे. पहिल्याच निवडणुकीत जागा कायमच्या ठरवून टाकल्या, तर तीस वर्षांनी तोच पेच साऱ्या जगापुढे उभा राहील.

त्याहून मोठी अडचण मोजणीचीच. लेबनॉनमध्ये शेवटची अधिकृत जनगणना १९३२ मध्ये झाली, कारण कोणत्या धर्मपंथाचे किती लोक, हे कळले तर सत्तेची वाटणी हलेल. अफगाणिस्तानात १९७९ची मोजणीही अर्धवट राहिली. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी याद्या करणारे कर्मचारी दारोदार फिरले, तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच लिहून घ्या म्हणाल्या. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने त्या नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख नावे गळाली. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या बहुतेक जणी स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

गवालिया टँकवर ठराव झाला तेव्हा या देशात प्रौढ मताधिकार नव्हता. दहा वर्षांच्या आत सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली, ती अशी दारोदार फिरून, एकेक नाव विचारून. जगाचा मतदारसंघ व्हायचा असेल तर त्याची सुरुवात तिथूनच होईल : काबूलमध्ये किंवा बैरुतमध्ये कुणीतरी एखाद्या घराची कडी वाजवेल आणि आतल्या बाईला तिचे स्वतःचे नाव विचारेल.