दार आधी, रबर नंतर

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद हा मराठी, कन्नड व दखनी या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडणारा टापू. तेथील एखाद्या वाड्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली पद्मिनी किंवा अँबॅसेडर अजूनही आढळते. कोरड्या हवेत राहिल्यामुळे अशा गाडीचा पत्रा बहुधा शाबूत असतो. दारांच्या कडेचे रबर मात्र बोटाने दाबताच भुगा होऊन गळते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि ऊन, उष्णता व हवेतील ओझोन हे तिन्ही मिळून रबराची लवचीकता शोषून घेतात. ते आधी कडक होते, मग तडकते.

या दोन जिल्ह्यांत वर्षाकाठी साधारण 700 ते 900 मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात तो 3000 च्या घरात जातो. त्यामुळे रबर संपल्याचे तिकडच्या मालकाला पाण्यामुळे क्वचितच कळते. त्याला कळते ते धुळीमुळे. बीदरच्या जांभ्याची तांबडी माती आणि कलबुर्गीच्या तुरीच्या रानांतील काळी माती कोरडी झाली की पिठासारखी उडते. धावत्या गाडीत आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी झाला, की बारीकशा फटीतूनही ती आत ओढली जाते. तीच गाडी घेऊन कोणी गोव्यात आला, तर पहिल्या जूनमध्येच पायाखालची चटई भिजते आणि पत्र्याचा तळ आतून कुजू लागतो.

पद्मिनीचे या भागाशी जवळचे नाते आहे. ती बांधणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे कलबुर्गीला लागून असलेल्या सोलापूरचे. कंपनीची स्थापना 1944 ची. मूळची ही फियाट 1100; ‘पद्मिनी’ हे नाव तिला 1970 च्या दशकात मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर 2023 मध्ये हद्दपार झाली. अँबॅसेडरचे उत्पादन त्याआधीच, 2014 मध्ये, उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात थांबले होते.

नवे रबर आणून थेट चिकटवणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक. दार लटकलेले असेल, तर नवे रबर एका कोपऱ्यात चेपते आणि दुसऱ्या कोपऱ्याला टेकतही नाही. मग मालक दार आपटू लागतो, आणि बिजागरी आणखी ढिली होते. म्हणून जुने रबर पूर्ण काढून आधी दारच पाहावे. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी असावी; जॅकवर चढवलेल्या गाडीचा सांगाडा किंचित वाकतो आणि फटींचे माप फसवे येते. कुलूप ज्यात अडकते तो स्ट्रायकरही सोडवून ठेवावा. तो घासलेल्या बिजागरीचे दारही उचलून धरतो आणि दोष झाकतो.

दार अर्धवट उघडून मागच्या कडेला धरावे व वर-खाली हलवावे. खेळ बिजागरीच्या खिळीत दिसला, तर लेथवाल्याकडून नवी खिळ व बुश करून घेता येते. बिजागरी ज्यावर बसते तो खांबच हलत असेल, तर मात्र डेंटरचे काम आधी. चालकाचे दार बहुधा सर्वांत लवकर लटकते, कारण उतरताना माणूस त्यावरच भार देतो. जुन्या फियाट 1100 मध्ये पुढची दारे मागून बिजागरलेली असत. पुढचे व मागचे अशी दोन्ही दारे मधल्या एकाच खांबाला टांगलेली. तो खांब थकला, की दोन्ही दारे एकदमच खाली येतात.

चार दारांच्या गाडीत सुरुवात मागच्या दारापासून करावी, कारण त्यामागचा पत्रा जागचा हलत नाही. मागचे दार जमले की पुढचे त्याला जुळवायचे, आणि शेवटी मडगार्ड पुढच्या दाराला. बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीभोवती पेन्सिलीने खूण ओढून ठेवावी. पुढून बिजागरलेल्या दाराची मागची कड खाली गेली असेल, तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याची शिम दिल्याने ती वर येते. एका वेळी एकच बिजागरी सैल करावी. दोन्ही सैल केल्या, तर दार सावरायला चार हातही पुरत नाहीत. भोवतीची फट सगळीकडे सारखी दिसली की पुढे जावे.

आता रबर. जुन्या तुकड्याचा छेद हाती घेऊन दुकानात जावे. जाड रबर म्हणजे चांगले रबर, हा गैरसमज आहे. जाड रबराने नीट बसवलेले दारही बाहेर फेकले जाते. पत्र्याच्या कडेवरील जुने सोल्युशन व गंज काढून तेथे प्राइमर मारावा. चिकटवण्याआधी रबर एकदा कोरडेच बसवून पाहावे आणि ते ताणू नये. ताणलेले रबर काही महिन्यांत आकसते आणि कोपऱ्यातच उघडे पडते. उलट, कोपऱ्यात ते किंचित दाबून भरावे, सांधा दाराच्या खालच्या कडेला ठेवावा आणि लांबी दोन-तीन मिलिमीटर जास्त कापावी.

स्ट्रायकर शेवटी बसवावा. पहिले काही दिवस दार जड लागते. लगेच स्ट्रायकर बाहेर सरकवू नये, रात्रभर दार बंद ठेवले की रबर आपली जागा घेते. त्यानंतर कागदाची पट्टी दारात अडकवून ओढावी. ती सगळीकडे सारख्याच जोराने अडली पाहिजे. जिथे सहज निसटते तिथे पाणी शिरणार.

पाण्याची परीक्षा मात्र नळी वरून धरून करू नये, कारण मग गळती कुठली ते कळत नाही. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने नळी खालून हळूहळू वर न्यावी. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात थोडे पाणी जाणारच; ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. बीदरकडून आलेल्या गाडीत ती तांबड्या मातीने बुजलेली असण्याची शक्यता मोठी. रबर लावताना सांडलेले सोल्युशनही ती बंद करते. पावसाळ्यापूर्वी त्या भोकांतून एक तार घालून पाहावी, आणि दार बंद करून आत पाणी हेलकावल्याचा आवाज येतो का, तेही ऐकावे.