उभ्या मोटारींतील वास

शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाबाहेर मोटारींची रांग लागते. कांचा मिटलेल्या, थंड हवेचें यंत्र सुरू, इंजिन जागच्या जागीं चालू, अशा स्थितींत पालक मुलांची वाट पाहत असतात. त्या वेळीं गाडींत कधीं कधीं एखादा अपरिचित वास येतो. त्याचा अर्थ कसा लावावा, हें वाचकांस सांगावें असा आमचा हेतु आहे.

वास उभ्या गाडींतच अधिक कां यावा? धावत्या गाडीभोंवतालचा वारा धूर व वाफा मागें उधळून देतो. गाडी उभी राहिली, कीं त्या इंजिनाभोंवतीं साचतात. आणि बाहेरची हवा आंत घेणारी जाळी बहुधा पुढील कांचेच्या पायथ्याशींच असते. तिच्या वाटे त्या आंत शिरतात.

आतां प्रत्येक वासाचा निरोप ओळखूं. पाकासारखा गोडसर वास आला, तर इंजिन थंड राखणारा द्रव गळत असावा. त्यांत एथिलीन ग्लायकॉल हें विष असतें. इंजिन पूर्ण निवाल्यावांचून रेडिएटरचें झांकण उघडूं नये. जळक्या तेलाचा वास म्हणजे झिजलेल्या गास्केटमधून तेलाचे थेंब तापलेल्या भागांवर पडत असल्याचें लक्षण. रबर जळल्यासारखा वास बहुधा घसरणाऱ्या पट्ट्याचा, आणि प्लॅस्टिक जळल्यासारखा वास तापलेल्या विजेच्या तारेचा. या दुसऱ्या प्रसंगीं इंजिन तत्काळ बंद करून खालीं उतरावें. कुबट वास थंड हवेच्या यंत्रांतील ओलाव्यावर वाढलेल्या बुरशीचा असतो. कुजक्या अंड्यासारखा वास गंधकाचा. आपल्या देशांत एप्रिल 2020 पासून पेट्रोलांत गंधक दशलक्ष भागांत 10 भागांहून अधिक चालत नाहीं. म्हणून केवळ इंधनास दोष न देतां बॅटरी प्रमाणाबाहेर भारित होत नाहीं ना, हेंही तपासवावें.

पेट्रोलाचा किंवा सी.एन.जी.चा वास आला, तर इंजिन बंद करून सर्वांनीं दूर व्हावें. ठिणगी पडेल असें कांहींही करूं नये. या दुसऱ्या गॅसला मूळचा वास नसतो; तो मुद्दाम मिसळलेला असतो. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत न्यू लंडन येथील शाळेखालीं असाच वास नसलेला गॅस कोणास न कळतां साचला, आणि 18 मार्च 1937 रोजीं झालेल्या स्फोटांत सुमारें तीनशें माणसें, बहुतेक विद्यार्थीच, प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं गॅसला वास देण्याचा कायदा तेथें झाला.

परंतु इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नाहीं, रंगही नाहीं, आणि त्यास वास कोणी दिलेलाही नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट जडतो. त्यामुळें श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवांचून गुदमरतें. धुरानळी फुटली असल्यास धुराचा वास त्याच्यासोबत येतो, पण येईलच असा भरंवसा नाहीं. डोकें दुखणें, घेरी, मळमळ, अकारण गुंगी हींच त्याचीं चिन्हें. तीं दिसतांच दारें उघडून मोकळ्या हवेंत यावें व वैद्याची मदत घ्यावी. बंद गराजांत इंजिन चालू ठेवूं नये. दार किलकिलें ठेवल्यानें धोका टळत नाहीं. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडींत झोंपणें तर सर्वथा वर्ज्य.

सारांश, वास आला म्हणजे अत्तराच्या फायानें तो झांकूं नये. त्याचें मूळ शोधावें. आणि वास नाहीं म्हणून निश्चिंतही राहूं नये. मुलांची वाट पाहतांना इंजिन बंद करून कांचा खालीं घ्याव्या. थोडा उकाडा सोसावा लागेल. परंतु तेवढ्यानें आंत बसलेल्यांचा व रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांचाही श्वास शुद्ध राहील.